अर्धी खूण

सुतारानं मूठ छातीशी नेली, झटक्यात उघडली आणि बोटं खिडकीकडे उडवली. भीती टाकून दे. चाळीस वर्षं तो बायकोशी असाच बोलत आला होता, हातांनी. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. या खुणा दोघांनी घरातल्या घरात जमवलेल्या.

मोबाईलमधून नर्सचा घाबरा आवाज आला. "काका, काय सांगितलंत त्यांना? त्या सलाईन उपटताहेत!"

"भिऊ नकोस म्हणालो."

"इकडे तुमचं चित्र अडकलंय. मूठ छातीवर आहे, बस, तेवढंच दिसतंय."

नुसती मूठ छातीशी म्हणजे भीती. पुढचं निम्मं वर आभाळातच राहिलं होतं.

पहाटे बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या, तेव्हा इस्पितळाची गाडी येऊन तिला एकटीला घेऊन गेली. इस्पितळ चार तासांवर. ह्याचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. पंधरा दिवसांपूर्वी उपग्रहावरच्या इंटरनेटची डिश सरळ करायला छपरावर चढला आणि खाली आला. डिश अजून वाकडीच होती. वाऱ्यानं आंब्याची फांदी हलली की चित्र थांबायचं, ढग आला की आवाजही जायचा. आणि मोबाईलचा टॉवर तर या डोंगरात नव्हताच.

शेजारीण भिंतीशी उभी राहून त्याच डिशला जोडलेल्या आपल्या फोनवरून इंटरनेट कंपनीशी भांडत होती. "भाऊ, ते म्हणतात तुमच्या भागात सेवा सुरळीत आहे. डबी बंद करून दहा मिनिटांनी चालू करा म्हणे." तिचा हात भिंतीवरच्या राउटरच्या बटणाकडे गेला.

"हात लावू नका वहिनी!" सुतार ओरडला. "आहे तो आवाजही जाईल."

तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"काका, ऐका," नर्स म्हणाली. "आतड्याला पीळ बसलाय. डॉक्टर तयार होऊन उभे आहेत. पण ह्या कुणाला जवळ येऊ देत नाहीत. खुणांची भाषा येणाऱ्या एक बाई आणल्या, त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत."

"ती त्यांची भाषा झाली, बाई. आमची निराळी आहे. ती कुठं बघतेय?"

"फोनकडे. तुमच्या मुठीकडे."

सुतारानं मोबाईलकडे पाहिलं. पडद्यावर गोल चक्र फिरत होतं. त्यात बायको नव्हती, नर्सही नव्हती.

"फोन पालथा घाला," तो म्हणाला.

"अहो, मग तुम्ही दिसणारच नाही त्यांना!"

"मी दिसतोय म्हणूनच ती घाबरलीय. घाला पालथा. आणि मी सांगतो तसे हात करा. करणार ना?"

पलीकडे काहीतरी खरखरलं. मग नर्सचा आवाज जरा लांबून आला. "घातला. आता ओढायला बघताहेत त्या."

"तिच्या समोर उभ्या राहा. मूठ छातीशी. आता उघडा आणि फेका, खिडकीकडे. जोरात फेका, चोळामोळा कागद फेकावा तशी."

"फेकली."

"बघितलं?"

"माझ्या हाताकडे बघताहेत."

"पुन्हा करा. हं. आता उजवा तळवा डाव्या तळव्यावरून सरळ पुढे न्या, रंधा मारल्यासारखा. तो मी. तिच्या भाषेत माझं नाव आहे ते."

"काका..." नर्स थबकली. "त्या थांबल्या. एकदम थांबल्या. माझ्या तोंडाकडे बघताहेत."

सुतारानं फोन जवळ ओढला. "आता गाल तळव्यावर टेकवा, झोप. मग डोळे मोठे करा, जाग. आणि परत रंधा."

"म्हणजे जाग आल्यावर तुम्ही समोर असाल?"

"हो."

"या पायानं येणार तुम्ही? खोटं सांगायला नको हो मला त्यांना."

"ट्रॉलीत आडवा पडून येईन. सांगा तुम्ही."

शेजारणीनं त्याच्या प्लास्टरकडे पाहिलं आणि ट्रॅक्टरवाल्याला गाठायला बाहेर पडली.

लाइन गेली की काय म्हणून सुतारानं फोन कानाशी दाबला. पंख्याची घरघर ऐकू येत होती, म्हणजे लाइन होती.

"दिला," नर्स कुजबुजली. "काका, हात पुढे केला त्यांनी. सुई टोचून घेतली." मग चाकं खडखडली, कुणीतरी "चला, चला" म्हणालं, आणि पुन्हा तिचा आवाज आला, धावत आल्यासारखा. "नेलं आत. जाता जाता त्यांनी काहीतरी केलं हातांनी. दोन्ही हात असे... कपाळाशी आणले की हनुवटीशी... आणि मग माझ्या हातावर ठेवले. काय अर्थ त्याचा?"

सुतारानं आठवून पाहिलं. चाळीस वर्षांतल्या सगळ्या खुणा डोळ्यांसमोरून गेल्या. ही त्यांच्यात नव्हती.

"परत सांगा, कसे आणले—"

लाइन तुटली.

शेजारीण परत आली तेव्हा तो बंद फोनसमोर बसून हात कपाळाशी नेत होता, मग हनुवटीशी, मग पुन्हा कपाळाशी. ट्रॉलीत गवत पसरून झालं होतं, पण वाटेत फोन लागणार नाही म्हणून इस्पितळाचा निरोप येईतो तो जागचा हलायला तयार नव्हता. तिनं त्याला पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

दुपारी दोनला फोन वाजला. आवाज फाटत होता, पण समजत होता. "काका, नीट पार पडलं हो! आतडं वाचलं. औषधानं झोपवलंय, रात्रीपर्यंत जाग यायची नाही."

शेजारणीनं डोळ्यांना पदर लावला. सुतारानं एकदा मान हलवली आणि फोन तोंडाजवळ धरला.

"बाई, तुमचे उपकार फार झाले. फक्त एक सांगा. हात तिनं आधी नेमके कुठं नेले होते?"