भावी क्लार्क

साखर कारखान्यात क्लार्कची जागा निघाली. जाहिरातीत बजावलं होतं, बायोडाटा फक्त पीडीएफमध्येच पाठवा. माझा होता वर्डमध्ये आणि मुदतीचा शेवटचा दिवस, म्हणून मी तो वीरधवलला पाठवला. वीरधवल माझा दोस्त. चौकात त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि कारखान्यातल्या साहेबलोकांच्या वाढदिवसाचे सगळे फ्लेक्स तोच करतो.

"गड्या, एवढ्याची पीडीएफ करून दे लगेच."

"नुसती पीडीएफ कशाला रं? लय भारी करून देतो की!"

फाईल आली, तशी मी न उघडताच मेल करून टाकली.

मुलाखतीत साहेबांनी तिची रंगीत प्रिंट माझ्यापुढं सरकवली आणि मी ती पहिल्यांदाच बघितली. वर सोनेरी अक्षरांत 'भावी क्लार्क शिवतेज', मध्ये पाचगणीच्या ट्रिपमधला माझा गॉगल घातलेला फोटो आणि शिक्षण कुठंतरी कोपऱ्यात. खाली 'शुभेच्छुक' म्हणून चेअरमनपासून सगळ्या साहेबांच्या फोटोंची रांग. त्या रांगेत माझ्यासमोर बसलेले साहेबही हात जोडून हसत होते.

समोरचे मात्र हसत नव्हते. "काय प्रकार हाय हा?"

"चुकलं साहेब. दोस्तानं परस्पर केलं. मी बघितलंच न्हाई."

"बघायला नको व्हय?" साहेबांनी रांगेवर बोट आपटलं.

 

"त्या शेती अधिकाऱ्याचा फोटो एवढा थोरला, आणि माझा बारका?"