शेजारची खुर्ची

मुलीने उतारा वाचला, उत्तरं लिहिली आणि वेळेआधीच पेन खाली ठेवलं, तेव्हा तिच्या बापाच्या तोंडचं पाणी पळालं.

एरवी त्याला आकाश ठेंगणं झालं असतं. आज मात्र ही हुशारी मुळावर येणार होती. मुलगी पंधरा वर्षांची. तिला एडीएचडी आहे, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. ओळ अर्धी वाचून होते न होते तोच तिचं मन कुठल्या कुठे जायचं. परीक्षेत जादा वेळ मिळाला नाही तर सगळं येत असूनही पोरगी नापास होणार, हे बापाला लख्ख दिसत होतं. पण परीक्षा मंडळाचं तेवढ्या कागदावर भागत नव्हतं. वर्गात मूल कसं वागतं, ते शिक्षकांनी सांगायला हवं होतं. हिचा वर्ग म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल आणि शिक्षक म्हणजे बाप. बापाची साक्ष कोण धरणार? म्हणून मंडळाच्या समुपदेशक बाई स्वतः घरी आल्या होत्या. रोज बसता तसेच बसा, म्हणाल्या होत्या.

आणि पोरीला शहाण्यासारखं वागायला नेमका आजचाच दिवस सापडला होता.

बाप घाईघाईने सांगत सुटला. रोज असं नसतं, एकेका धड्यात अख्खी सकाळ जाते, आज तुम्ही आहात म्हणून. स्वतःच्या लेकीच्या उणिवांचा पाढा परक्या बाईंसमोर वाचताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, पण थांबवत नव्हतं. मुलगी मान खाली घालून पेनाचं टोपण काढत-घालत होती. शाळेने हात टेकले तेव्हा छापखान्यातली नोकरी सोडून तो घरी बसला होता, तेही त्याने सांगून टाकलं.

"पण मी हिच्यावर कधी आवाज चढवला नाही," तो म्हणाला. आणि ते खरंच होतं.

बाईंनी कप बाजूला सारला. "मी तिच्यापेक्षा तुमच्याकडेच जास्त बघत होते. तिचं लक्ष उडालं की तुमचं बोट त्या ओळीवर जायचं. तुम्हाला कळतसुद्धा नव्हतं. हा पेपर दोघांनी मिळून सोडवलाय."

त्याने खाली पाहिलं. बोट अजून कागदावरच होतं.

बाई म्हणाल्या, जादा वेळेची शिफारस त्या करतील. वेगळी खोलीही. शिवाय शेजारच्या खुर्चीत एक माणूस बसेल, लक्ष उडालं की ओळीवर बोट ठेवायला. फक्त तो नात्यातला नको, असा नियम होता.

बापाचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा टांगणीला लागला. परक्याला हे कसं जमणार? तिची नजर कधी सुटते, हे ओळखायला त्याला स्वतःला वर्षं लागली होती. नियमातून काही वाट निघेल का, असं त्याने अजिजीने विचारलं. ती परक्यांना बुजते, माझ्याशिवाय तिला सुधरत नाही, हवं तर तिलाच विचारा, म्हणाला.

बाईंनी तिला विचारलं. मुलीने मघापासून पहिल्यांदाच मान वर केली. बापाकडे न बघता ती बाईंना म्हणाली, "तो माणूस बोट ठेवताना दर वेळी उसासा नाही ना टाकणार?"