माळावरनं दिसंल असा

"सोनियाचं डोकं आनि जरा बारीक करा," रविराज म्हणाला. "सोसायटीच्या चेअरमनसायबांस्नी जागा पायजे."

कपिलने माउस फिरवला. मघाशी फ्लेक्सवर कलिंगडाएवढी असलेली सोनिया आता लिंबाएवढी झाली.

तासगावातल्या स्टुडिओत कपिल एरवी बेदाण्याच्या खोक्यांवरची चित्रं काढायचा. द्राक्षांचा घड काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. जवळून बघावं तर नुसते हिरवे गोल. खोकं हातभर लांब धरलं की तोंडाला पाणी सुटायचं. जोडीला तो फोटोही काढायचा. सोनियाचा फोटो त्यानेच काढला होता, पूर्वेकडच्या दुष्काळी भागातल्या तिच्या वाडीत जाऊन. मेंढरामागे फिरणाऱ्या घरातली पोरगी फौजदार झाली होती, अख्ख्या वाडीतली पहिली. तिच्या सत्काराचा फ्लेक्स मित्रमंडळाच्या अध्यक्षाने, म्हणजे या रविराजने, कपिलकडे दिला होता.

फोटो काढताना सोनियाची आई, हरणाबाई, काठी टेकून बाजूला उभी होती. तिला स्वतःला फोटोत यायचं नव्हतं. मागणं एकच होतं.

"बाबा, लांबनं दिसंल आसा कर. फ्लेक्सम्होरं हुबं ऱ्हायला मला कुटली सवड? माळावरनं, मेंढरामागनं पोरीचं त्वांड दिसलं म्हंजे झालं."

"दिसंल की मावशी," कपिल म्हणाला होता. बोलून बसला होता बिचारा.

शुभेच्छुकांचे फोटो पहिल्या दिवशी बारा होते. मग सरपंचांच्या पुतण्याला पत्ता लागला. पुतण्या आला म्हटल्यावर भाचा कशाला मागे राहील? तिसऱ्या दिवशी कपिलच्या मोबाइलवर दोनशे अकरा फोटो येऊन पडले. फेटेवाले आले, गॉगलवाले आले, पांढऱ्या टोपीवाले आले. एकाने बैलासकट फोटो धाडला आणि खाली लिहिलं, बैल कापू नये. कुणाचा फोटो वर आणि कुणाचा खाली, यावरून दोन भावकींत बोलणं बंद झालं ते वेगळंच.

"आवं रविराजराव, आता पोरीला जागाच ऱ्हाईना," कपिल म्हणाला.

"तिला समदी वळखत्यात की! आमाला कोन वळखतंय? फ्लेक्स नगं व्हय आमाला?"

कपिलला हसूही आलं आणि रागही आला. हरणाबाईला दिलेला शब्द त्याच्या डोळ्यांदेखत लिंबाएवढा झाला होता आणि सायंकाळपर्यंत त्याची गोळी होणार, हे दिसत होतं. त्याने माउस बाजूला सारला. समोर फळीवर नव्या बेदाण्याचं खोकं होतं. त्याने ते उचललं, डोळ्यांजवळ आणलं आणि पुन्हा हातभर लांब धरलं.

"आसं करूया," तो शेवटी म्हणाला. "दोनशे अकरा फोटो घेतो. समदे सारख्या मापाचे. बैलबी घेतो. कुनी म्होरं न्हाई, कुनी मागं न्हाई. कुनाला कुटं बसवायचं ते मात्र माझं मी ठरवनार."

रविराजच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. "लय ब्येस! आनि मला दाखवू नगा गड्या. दाखवलं की धा जन वाढत्यात. डायरेक बांधा."

पुढचे दोन दिवस कपिल गॉगलवाले एकीकडे आणि टोपीवाले एकीकडे लावत बसला. जेवायचीही शुद्ध नव्हती.

रविवारी सकाळी त्याने वाडीच्या वेशीवर सोळा फुटी फ्लेक्स स्वतः उभा राहून बांधून घेतला.

"रस्ता सोडून माळाकडं त्वांड कशाला केलंय?" रविराजने विचारलं.

"वारं लय हाय रस्त्याकडं," कपिलने ठोकून दिलं.

पण तोवर ऐकायला होतंय कोण! सगळी वाडी फ्लेक्सला नाक लावून आपापलं तोंड शोधत होती. "घावलो! मी घावलो!" म्हणून एकेक जण ओरडत होता. बैलवाल्याने बैलाशेजारी उभं राहून सेल्फी काढला. सरपंच मधोमध सापडले, तेव्हा त्यांचा पुतण्याही खूश झाला.

एवढ्यात हलगी कडाडली. वळणावरून जीप आली, फ्लेक्सला वळसा घालून थांबली आणि खाकी वर्दीतली सोनिया थेट फ्लेक्ससमोरच उतरली. तिने पहिली ओळ बघितली, दुसरी बघितली. मग ती खालच्या ओळींत स्वतःला शोधू लागली. तिच्याबरोबर रविराजही शोधू लागला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"कपिलराव," तो हळूच म्हणाला, "सोनिया कुटं हाय ह्यात?"

हलगी थांबली. दोनशे अकरा माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. स्वतःला शोधण्याच्या नादात पोरीची आठवण एकालाही झाली नव्हती. रविराजला खरोखर लाज वाटली. मान वर करायचं धाडस त्याला होईना.

"आसू द्या दादा," सोनिया म्हणाली खरी, पण तिचा चेहरा उतरला होता. तिने इकडेतिकडे आईला शोधलं. आई नव्हती. मेंढरं काय सत्कार आहे म्हणून उपाशी राहतात?

कपिल मात्र माळाकडे बघत होता.

समोरच्या चढावर मेंढरं दिसू लागली. त्यांच्या मागून हरणाबाई आली. तिने कपाळावर हात धरून वेशीकडे बघितलं. हातातली काठी गळून पडली तरी तिला कळलं नाही. मग तिने अशी हाळी दिली की पुढची मेंढरं बुजली.

"आवं, तितं चिकटून काय बघतायसा? मागं सरा, हितं माळावर या! तुमा समद्यांची मिळून माझी सोनी झालीया, हासतीया बघा!"