बंद घरातला धूर

तीन वर्षांच्या ऋषीला पुण्याच्या दवाखान्यात हलवताना अश्विनीने घराची किल्ली शेजारच्या कुशाबाईंकडे दिली, ती फक्त गाईची वैरण काढायला. महिन्याभराने तिने एसटीडी बूथवरून आपल्या डिंगोरे गावातल्या दुकानात फोन लावला, तर दुकानदार दादाभाऊ म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरातनं रोज सांजच्याला धूर निघतोय. म्हातारी आत लई वेळ बसती बरं का!"

अश्विनीचं डोकंच फिरलं. इथे लेकराच्या हाताला सलाईन, आणि तिकडे ही बाई आपल्या दाण्यांवर जेवणं उरकतेय?

बरा झालेल्या ऋषीला कडेवर घेऊन घरी परतली, ती तडक चुलीपाशीच गेली. बाजरीची कोठी गच्च भरलेली होती, सरपणालाही हात लागलेला नव्हता. चुलीत मात्र ताजी राख होती.

"मावशी, रोज काय शिजवत होतात इथे?" तिने दारातल्या कुशाबाईंना फणकाऱ्याने विचारलं.

"काय बी न्हाई गं. माझ्याच घरच्या चार काटक्या आनायची, पेटवायची, इझेपातुर बसायची."

"पण कशासाठी?"

कुशाबाईंनी ऋषीच्या गालावरून हात फिरवला.


"मयत झालेल्या घरात चूल पेटत न्हाई, पोरी. ह्यो परत येईस्तवर तुझी थंड पडू द्यायची नव्हती मला."