घड्याळाची वायर

रोज सकाळी गाडी सुरू होताना रडायची. गॅरेजमधल्या वायरमनने स्कॅनर लावला. म्हणाला, "काका, इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये एक घड्याळ असतं. गाडी बंद असली तरी त्याला करंट लागतो. तोच मधेमधे तुटतोय." मग तासभर मीटर घेऊन तो एकेक वायर तपासत बसला.

शेवटी डॅशबोर्डखालून त्याचा आवाज आला. "हा उद्योग कोणी केलाय? घड्याळाची वायर सोलून तिच्यावर डबी जोडलीय, गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दाखवणारी. जोड पार गंजलाय."

काडेपेटीएवढ्या डबीवर चिकटपट्टी होती. पट्टीवर हिचा मोबाईल नंबर, हिच्याच अक्षरात. ही जाऊन चार महिने झाले.

मला अटॅक येऊन गेल्यापासून रोज संध्याकाळी मी बेल वाजवायच्या आत ही दार उघडायची. "तुला कसं गं कळतं?" विचारलं की म्हणायची, "तुमच्या गाडीचा खडखडाट कोपऱ्यावरून ऐकू येतो." मला ते खरंच वाटायचं.

"डबी काढली की गाडी ठणठणीत," वायरमन म्हणाला. "ठेवायची असेल तर दुसऱ्या वायरीवर नीट जोडून देतो. पण बघणारं कोणी आहे का घरी?"

मी म्हणालो, "काढून टाक."

पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली, आणि घरी जायचं सोडून मी तिथेच बसून राहिलो.