दस्त्याची गादी

"अजून दुखतंय का गं?" मल्लिनाथनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता रायफलचा दस्ता मांडीवर ओढून घेतला.

उत्कर्षा दारातच उभी होती. एवढ्या उन्हातही पूर्ण बाह्यांचा कुर्ता.

"थोडंसं. एवढं काही नाही, अप्पा."

पण त्यानं बघितलं होतं. मागच्या रविवारी ती माठातलं पाणी घ्यायला वाकली, ओढणी सरकली आणि उजव्या खांद्यावरचा काळानिळा डाग दिसला. तळहाताएवढा. तो काही विचारायच्या आत ती म्हणाली होती, "रायफलचा धक्का बसतो, अप्पा. सवय होईल."

मल्लिनाथचा उभा जन्म शुक्रवार पेठेत रिक्षांच्या आणि स्कूटरच्या सीटा शिवण्यात गेला होता. बंदुकीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. चापाला तर तो बोटही लावत नसे. लेक नेमबाजीच्या सरावाला जायची त्या हॉलवर तो कधी गेला नव्हता. पण कुठल्या अंगाला कसली गादी लागते, हे त्याला कळत होतं. त्यानं जुन्या सीटमधला फोम कापला, दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या टोकाच्या मापाचा केला, वर रेक्झिन ओढून कडेनं शिवून घेतलं आणि सोल्यूशननं चिकटवलं. घरातल्या घरात काम झालं. पोरगी खूश झाली. निदान तसं म्हणाली.

तरी पुढच्या रविवारी डाग होताच. जुना पिवळा पडला होता, शेजारी नवा उमटला होता.

"कॉलेजात असताना तर कधी लागलं न्हाय तुला," तो म्हणाला.

"तेव्हाची रायफल हलकी होती."

त्यानं फोमखाली रिक्षाच्या ट्यूबचं रबर घातलं. नंतर आणखी एक थर. ती गेल्यावर दस्ता स्वतःच्या खांद्यावर दोन-चारदा जोरात आपटून बघितला. काही लागलं नाही. मग पोरीलाच का लागतं? आपल्या हातून कुठं तरी चुकतंय, ही रुखरुख त्याला दिवसभर पुरायची. शिवण घालताना सुई बोटात जायची. बायको, गंगम्मा, असती तर तिनं पोरीला जवळ बसवून तेल लावलं असतं, नीट विचारलं असतं. बाप काय करणार, गादी शिवणार.

रायफल त्याच्याकडंच असायची. जावई इंद्रजीतला घरात बंदूक नको होती. तो जुळे सोलापुरात राहायचा, चांगल्या पगाराचा, शांत माणूस. रविवारी उत्कर्षाला स्वतः गाडीवरून आणून सोडायचा, स्वतः न्यायला यायचा. मध्ये दोनदा फोन करून हॉलवर पोचली का, तिथून निघाली का, विचारायचा. एवढी काळजी कोण घेतं, असं मल्लिनाथ शेजाऱ्यांना सांगायचा.

"मामा, तुम्हीच समजवा तिला," इंद्रजीत एकदा चहा पिता पिता म्हणाला. "हे खूळ सोड म्हणावं. अंगावर डाग घेऊन हिंडते. लोक माझ्याकडं बघतात."

मल्लिनाथ ओशाळला. "आणखी जाड गादी करतो की मी."

उत्कर्षा छर्र्यांची डबी पिशवीत भरत होती. तिनं वर बघितलं नाही.

वर्षभरानं जिल्ह्याची स्पर्धा आली तेव्हा तीच म्हणाली, "अप्पा, गादी काढून टाका. तिथं माप बघतात. जास्त जाड चालत नाही."

"आणि खांदा?"

"खांद्याला काही होणार नाही."

"कसं होणार न्हाय? गादी असताना एवढं लागतंय, तर नसताना हाड मोडंल की."

त्यानं गादी तशीच ठेवली आणि पहिल्यांदाच तिच्याबरोबर जायचं ठरवलं. आपल्यामुळं पोरीला बाहेर काढलं तर निदान हात जोडून चार शब्द सांगता येतील.

हॉलबाहेर तपासणीचं टेबल होतं. पन्नाशीच्या एक बाई प्रत्येक रायफल मापून बघत होत्या. रांगेत उत्कर्षा पुढं, तिच्या मागं इंद्रजीत, त्याच्या बाजूला मल्लिनाथ.

बाईंनी दस्त्याला साचा लावून बघितला. बसला नाही. त्यांनी गादी अंगठ्यानं दाबली.

"हे कुणी लावलं?"

"मीच," उत्कर्षा घाईनं म्हणाली. "आता काढते, मॅडम."

"न्हाय, बाई, मी लावलंय," मल्लिनाथ पुढं झाला. "मी सीटा शिवतो. पोरीचा काय दोष न्हाय."

"अप्पा, राहू दे."

"राहू दे कसं? सांगू दे मला." त्यानं हात जोडले. "लई लागतं हो तिला. वर्ष झालं बघतोय. कवा खांदा, कवा दंड, मागं तर मनगट सुजलं होतं. काळंनिळं पडतं सगळं. ह्या रायफलचा धक्काच तसा हाय. गादीचे थर वाढवले, तरी थांबंना. तुमी म्हणाल त्या मापाची करून देतो, पण गादीबिगर तिला उभी करू नका."

इंद्रजीतनं उत्कर्षाच्या कोपराला हात घातला. "जाऊ द्या, मॅडम. नाही खेळत ती. चल गं, घरी जाऊ."

बाईंनी साचा खाली ठेवला. त्यांनी उत्कर्षाच्या पूर्ण बाह्यांकडं बघितलं, मग तिच्या कोपरावरच्या त्या हाताकडं. रायफल त्यांनी परत दिली नाही.

"काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ही हवेवर चालणारी रायफल आहे. हिचा धक्का लागत नाही."