पान एकवीस

"पान एकवीसवर तुमी लिवलंय, रेडिएटरमधी स्वच्छ पाणी भरावं. आमी भरलं. बोरचं, काचंवाणी नितळ. दोन वर्षांत वडलांच्या ट्रेलरचं इंजिन बसलं. मग सर, स्वच्छ म्हंजी कसलं?"

इंदापूरच्या स्वरूपा नावाच्या मुलीच्या या पत्राला रमाकांतांनी चार वर्षं उत्तर दिलं नव्हतं. बारामतीत आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवून ते निवृत्त झाले आणि मोठ्या गाड्यांचं इंजिन थंड कसं राखावं यावर साठ पानांचं पुस्तक लिहून बसले. तेही वाचनालयात. ट्रेलरच्या केबिनमध्ये त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पत्र वाचताक्षणी चूक त्यांच्या ध्यानात आली. बोरचं पाणी नितळ दिसतं, पण त्यातल्या क्षारांचा रेडिएटरच्या नळ्यांत थर बसतो आणि इंजिन तापतं. एवढी एकच ओळ राहून गेली होती. उत्तराचे अकरा मसुदे त्यांनी लिहिले आणि फाडले. प्रकाशक दुसरी आवृत्ती मागत होता, त्यालाही ते नाहीच म्हणत होते. ज्या पुस्तकानं इंजिन बंद पाडलं ते पुन्हा कशाला छापायचं? शेवटी त्यांच्या पत्नी, सुधाताई म्हणाल्या, "लिहून होत नसेल तर जाऊन तरी या."

म्हणून आज ते पत्ता विचारत विचारत इंदापूरच्या अलीकडे, तिनं आता काढलेल्या गॅरेजच्या बाकड्यावर येऊन बसले होते. बारावा मसुदा तिकीट लावलेल्या पाकिटात होता, पाकीट खिशात होतं आणि आपण कोण, हे त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. एसटीची वाट बघतोय, असं त्यांनी येताच सांगून टाकलं होतं.

"काका, जरा सरका. पाचट उडंल," स्वरूपा म्हणाली आणि तिनं समोरच्या ट्रेलरच्या रेडिएटरवर आतल्या बाजूनं हवेचा झोत सोडला. जाळीत अडकलेलं उसाचं पाचट भसाभस बाहेर आलं. त्यातलं निम्मं रमाकांतांच्या चष्म्यावर बसलं.

ट्रेलरचा ड्रायव्हर आबाजी बोरच्या पाण्याचा कॅन घेऊन आला.

"ते लांब ठेवा," स्वरूपा म्हणाली. "पान एकवीस वाचा."

भिंतीवर एक पान काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. त्यावर लाल शाईनं वाढवलेली ओळ रमाकांतांना बाकड्यावरूनही वाचता आली. 'बोरचं पाणी चालणार नाही. फिल्टरचं पाणी आणि कूलंट.'

"पुस्तकातलं पाणी गाडी पिती व्हय गं?" आबाजी हसला. "त्याच पुस्तकानं तुज्या बापाचं इंजिन खाल्लं न्हवं?"

रमाकांतांनी चष्मा पुसायला घेतला, तो पुसतच राहिले.

"खाल्लं की. म्हणून तर खोललं मी. पुस्तक म्होरं ठिवून, येकेक बोल्ट. नळ्या बघितल्या तर आतनं चुना मारल्यावाणी. तवा कळलं, पानात येक ओळ कमी हाय. बाकीचं समदं बराबर व्हतं." तिनं कूलंट ओतायला घेतलं. "ते इंजिन बसलं नसतं, तर मी अजून साड्यांच्या दुकानात घड्या घालीत बसले असते. काका, तुमी चहा घेणार का?"

"नको. एसटी चुकेल," असं पुटपुटत रमाकांत उठले.

शेजारच्या किराणा दुकानाच्या भिंतीवर टपालाची लाल पेटी होती. तिच्या आडोशाला उभं राहून त्यांनी पाकिटातला बारावा मसुदा काढला. दोन पानं भरून नुसती माफी होती. त्यांनी तो फाडला. पिशवीतून स्वतःचं पुस्तक काढलं, पान एकवीस अलगद सोडवलं आणि समासात लिहिलं, 'हे पान आता तुम्ही लिहा. तुमच्या नावानिशी छापू. त्याशिवाय दुसरी आवृत्ती निघणार नाही.' पान पाकिटात घालून ते चिकटवलं. हात पेटीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. हे तिला आगाऊपणाचं वाटलं तर? समास अपुरा पडला तर? अक्षर लागलं नाही तर?

"टाका की, सर."

मागं स्वरूपा उभी होती, हातात चहाचा ग्लास.

"तुम्ही ओळखलंत?"

"आल्या आल्या. पुस्तकाच्या मागं फोटू हाय तुमचा. त्यात केस जास्त हायत, येवढंच."

रमाकांतांनी ओशाळून पाकीट तिच्यापुढं धरलं. "मग हातातच घ्या. समोरच तर उभ्या आहात."

स्वरूपानं दोन्ही हात ग्लासाभोवती घट्ट धरले.

"न्हाय बा. चार वर्सं थांबले, अजून दोन दिस थांबंन. पोस्टानंच यिऊ द्या. पाकीट शिक्क्यासकट भिंतीवर लावायचंय, पान एकवीसच्या शेजारी."

रमाकांतांनी पत्र पेटीत टाकलं आणि चहाचा ग्लास घेतला.